हद्दीपलीकडची तहान

नागपूरहून वर्ध्याला निघालेल्या माणसाला तहान नेमकी कुठे लागते, हे मी बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकतो. बुटीबोरी मागे पडते, कारखान्यांची धुरांडी विरळ होत जातात, रस्त्याकडेच्या 'परमिट रूम'च्या पाट्या दिसेनाशा होतात, आणि वर्धा जिल्ह्याची हद्द लागते. पुढे केळझरचा गणपती, सेलू, पवनार, धाम नदी, सगळं सोज्वळ. ज्या गृहस्थाने गेल्या दिवाळीपासून थेंबालाही स्पर्श केलेला नसतो, ज्याच्या नागपुरातल्या घराजवळ हाकेच्या अंतरावर बार आहे आणि त्याच्याकडे मान वळवून पाहायचीही त्याला कधी इच्छा झालेली नाही, त्याच्या घशाला इथे एकाएकी कोरड पडते. "इकडे काही मिळत नसेल ना?" असं तो विचारतो तेव्हा त्या स्वरात चौकशी कमी आणि विरह जास्त असतो. जिची कधी आठवण झाली नाही तिचा विरह! आपल्या कवींनी विरहाचे इतके प्रकार हाताळले, हाच कसा काय सुटला कोण जाणे.

खरं तर नागपूरकराने आपल्या ओलेपणाचा एवढा तोरा मिरवायचं कारण नाही. १९४९चा दारूबंदी कायदा राज्यात आजही लागू आहे आणि त्याच्या नजरेतून पाहिलं तर सारा महाराष्ट्रच कोरडा आहे. पिणाऱ्याच्या खिशात फक्त परवाना हवा. तो परवाना कशासाठी, तर प्रकृतीच्या जपणुकीसाठी. म्हणजे सीताबर्डीच्या अंधाऱ्या बारमध्ये भाजके शेंगदाणे चघळत बसलेली ती समस्त मंडळी कायद्याच्या लेखी रुग्ण आहेत आणि ट्रे घेऊन फिरणारा वेटर हा कंपाउंडर. एका दिवसाच्या उपचाराला विदेशीसाठी पाच रुपये, देशीसाठी दोन; देशी दुखणं नेहमीच स्वस्तात निभतं. आमच्याकडच्या देशीच्या बाटलीवर तर बहुधा संत्र्याचं चित्र असतं. भट्टीवरून डुलत परतणारा माणूस लांबून पाहिला, तर तो जीवनसत्त्व घेऊन आला असावा असं वाटतं.

वर्ध्याचं तसं नाही. तिथे बंदी आहे ती मनापासून, निदान कागदावर तरी. जमनालाल बजाजांच्या आग्रहामुळे गांधीजी वर्ध्याला आले, १९३६मध्ये तिथून आठेक किलोमीटरवरच्या शेगावात राहायला गेले. त्यांची पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली, तेव्हा १९४०मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. पुढे सत्तरच्या दशकाच्या मध्यावर या वास्तव्याचा मान म्हणून सगळा जिल्हाच दारूमुक्त जाहीर झाला. आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्वाद हे एक व्रत होतं, म्हणजे जिथे चटणी चवीने खाणंही संशयास्पद, तिथे पेयाची गोष्ट काढायची कुणी? तरी १९४२च्या जूनमध्ये लुई फिशर नावाचा अमेरिकन पत्रकार तिथे आठवडाभर राहिला, आणि वैदर्भी उन्हापुढे त्याचा धीर सुटला. त्याने पत्र्याच्या टबात पाणी भरलं, त्यात एक खोका ठेवून त्यावर स्वतः बसला, शेजारच्या खोक्यावर टंकलेखन यंत्र ठेवलं, आणि गांधीजींशी झालेल्या संभाषणाची टिपणं तशीच टंकित केली. कोरड्या गावात प्रवाशाने ओलावा शोधण्याची याहून निरागस तऱ्हा मला माहीत नाही.

नंतरच्या प्रवाशांमध्ये एवढी कल्पकता उरली नाही. मुंबईचे माझे एक स्नेही सेवाग्राम पाहायला आले होते. माणूस रसिक, वय साठीच्या पुढचं, संध्याकाळी सातच्या सुमारास थोडे हळवे होणारे. मोरारजींच्या दारूबंदीच्या काळातल्या मुंबईत वांद्र्याच्या कुठल्याशा आंटीच्या मागच्या खोलीत आपले वडील कसे जात, हे ते कुलवृत्तान्तातल्या पराक्रमाच्या थाटात सांगतात. लक्षद्वीपलाही ते जाऊन आलेत. तिथे मुस्लिम वस्तीची शांत गावं, पांढरी वाळू, नारळाची झाडं आणि संपूर्ण दारूबंदी. अपवाद एका बंगारम बेटाचा. तिथल्या शहाळ्यावर त्यांनी निमूटपणे दिवस काढले. समुद्राने घातलेली बंदी त्यांना मान्य होती. बुटीबोरीपुढच्या एका पाटीने घातलेली मात्र त्यांच्या जिव्हारी लागली.

अशा गावात वस्तूचं नाव घ्यायचं नसतं, एवढं त्यांना पिढीजात ठाऊक होतं. त्यांनी ऑटोवाल्याला आडून विचारलं, "काय भाऊ, काही सोय होईल का?"

"राहाची का जी? यात्री निवास आहे ना."

"राहायची नाही हो. संध्याकाळची."

ऑटोवाल्याने क्षणभर विचार केला. "संध्याकाळी आश्रमात प्रार्थना असते. झाडाखाली बसतेत सारे. चला, सोडून देतो."

त्याच्या चेहऱ्यावर मिस्कीलपणाची एक रेषही नव्हती, त्यामुळे त्याला प्रश्न कळला नव्हता की फार चांगला कळला होता, याचा निकाल मला आजवर लावता आलेला नाही. आम्ही प्रार्थनेला गेलो. बापू कुटीसमोरच्या त्या मोकळ्या जागेत, संधिप्रकाशात, माझे स्नेही डोळे मिटून इतके तल्लीन बसले होते की शेजारच्या आजींनी त्यांना नंतर नमस्कार केला.

तसं पाहिलं तर न मिळण्यासारखं काही नसतं. दारूबंदीच्या जिल्ह्यात दारू असतेच, फक्त ती पत्ता बदलून राहते. ती डिक्कीतून येते, शेतातल्या खोपटात शिजते, पानठेल्याच्या मागे हलक्या आवाजात बोलते. २०२३च्या फेब्रुवारीत ९६वं साहित्य संमेलन वर्ध्यात भरलं. त्या दिवसांत हद्दीबाहेरच्या दुकानांचा गल्ला वाढला का, या विषयावर कुणी परिसंवाद ठेवला नाही, हे बरंच झालं.

मला त्या परिसरातली सगळ्यात मोहक हद्द वाटते ती नीरेची. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४पासून गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांनी ग्रामोद्योगांचा संसार मांडला, आणि त्यात ताडगुळाचाही मान होता. ज्या शिंदीच्या झाडांतून गावाला नशा यायची, त्याच झाडांतून गूळ काढायचा, अशी ती गोड युक्ती. रात्रभर झाडाला टांगलेल्या मडक्यात रस थेंबथेंब जमतो. उजाडण्याआधी उतरवला तर तो नीरा, पूर्ण सात्त्विक, आश्रमातही चालेल असा. दुपारी तोच रस वेगळ्याच संगतीत सापडतो. मधल्या वेळात कुणी त्यात काही मिसळलेलं नसतं. सूर्य तेवढा वर आलेला असतो. हे रूपांतर लांबावं म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. प्रत्यक्ष निसर्गाला चुना लावून मिळवलेले ते दोन-चार निष्पाप तास मला नेहमी हुरहुर लावतात. काही काही माणसंही अशीच असतात, सकाळी दहापर्यंत भेटावीत.

बंदीची थट्टा करणं सोपं आहे, मी ती बरीच वर्षं करत आलो आहे. १९९३मध्ये गडचिरोली कोरडी झाली, १ एप्रिल २०१५ला चंद्रपूर. तेव्हा सेलूपासून थेट सिरोंच्यापर्यंत तीन जिल्ह्यांचा सलग कोरडा पट्टा नकाशावर तयार झाला आणि आमच्या अड्ड्यावर त्यावरून विनोदांना पूर आला. २०२१मध्ये चंद्रपूरची बंदी उठली, तेव्हाही आला. पण चंद्रपूरच्या बंदीसाठी २०१०च्या थंडीत चिमूरहून बायका पायी निघाल्या होत्या, थेट नागपूरच्या अधिवेशनावर. डिसेंबरातली आमची थंडी हाडात शिरते. ती चाल आठवली की विनोद तोंडातल्या तोंडात राहतो.

दुसऱ्या दिवशी तोच ऑटोवाला आम्हाला पवनारला घेऊन गेला. धामच्या काठी चहा पिताना स्नेह्यांनी आदल्या दिवशीचा सल काढलाच. म्हणाले, "तुमची ही बंदी नावापुरतीच ना? प्यायची ती पितातच की."

"पेतेत ना जी," तो शांतपणे म्हणाला. "माझा बापही पेत होता. फक्त लपून प्या लागे. कधी वावरात, कधी नाल्याकडं. माझी माय म्हणे, लपून पेते तं पेऊ दे, तेवढा टाइम तरी घरी मारत नाही."

एवढं बोलून तो बशीतला चहा फुंकू लागला. माझ्या स्नेह्यांनी चहाचे पैसे दिले, तिघांचे, आणि वर आणखी एक कप सांगितला. बंदीच्या यशापयशाबद्दल अनेक हिशेब मी ऐकले आहेत. त्या माउलीने मोजलेला वेळ मात्र त्यांतल्या कुठल्याच रकान्यात भरलेला आढळला नाही.

परतताना स्नेह्यांनी गोरस भांडारासमोर ऑटो थांबवायला लावला. गोरसपाक ही वर्ध्याची खरी मिरासदारी: कणीक, साखर, दूध, गाईचं तूप, तोंडात घातल्यावर विरघळणारा ऐवज. गांधीयुगाने या जिल्ह्याला दिलेलं व्यसन म्हणायचं तर हेच. त्यांनी दोन पाकिटं घेतली, इकडे तिकडे पाहिलं, एक तिथेच फोडून भराभर दोन वड्या खाल्ल्या, आणि दुसरं बॅगेत खाली, घडी केलेल्या शर्टांच्या आत, टॉवेलात गुंडाळून सरकवलं. त्यांना मधुमेह आहे. वहिनींनी घरात साखरेला बंदी केली त्याला कितीतरी वर्षं झाली, आणि ती बंदी जिल्हा प्रशासनाच्या बंदीपेक्षा पुष्कळ कडक आहे.

ऑटोवाला आरशातून हे सगळं पाहत होता. गाडी सुरू करता करता त्याने मान वळवली आणि अगदी आदबीने विचारलं, "झाली ना जी मग तुमची सोय?"