रामगडची टाकी

चित्रपटांतल्या चुका काढणाऱ्यांची जमात अलीकडे फार माजली आहे. नायकाच्या डाव्या भुवईवरची जखम मध्यंतरानंतर उजवीकडे कशी गेली, सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून इतके बार कसे उडाले, असले प्रश्न विचारण्यात या मंडळींचा दिवस जातो. परळी वैजनाथच्या सुजाण नागरिकांनी त्यांच्या नादी लागू नये, असे आमचे कळकळीचे सांगणे आहे. मारधाडपटांतल्या चुका हा सार्वजनिक ठेवा असून आपल्या गावाने तर तो जिवापाड जपला पाहिजे.

‘शोले’चेच घ्या. 15 ऑगस्ट 1975 रोजी झळकलेल्या या चित्रपटातल्या रामगडात वीज दिसत नाही. ठाकूरच्या हवेलीत त्याची विधवा सून रात्री एकेक दिवा विझवत जाते. मात्र गावात पाण्याची उंच टाकी आहे आणि वीरू दारू पिऊन जीव द्यायला तिच्यावरच चढतो. विजेवाचून त्या टाकीत पाणी चढवले कोणी, हा प्रश्न लोक अजून विचारतात. परळीकराने तो विचारू नये. आपल्याकडे 1971 पासून औष्णिक वीज केंद्र आहे. त्याने राज्याला वीज पुरवली आणि फेब्रुवारी 2013 मध्ये, दुष्काळात, पाणीच नसल्यामुळे 1130 मेगावॉटचे ते केंद्र सगळ्या संचांसह बंद ठेवावे लागले. रामगडात विजेवाचून पाणी होते. परळीत पाण्यावाचून वीज अडली. सलीम-जावेद यांचे नियोजन उजवे होते, एवढेच आम्ही नम्रपणे नमूद करतो.

दृश्यांतले सातत्य कुणाला शिकायचे असेल, तर त्याने आपल्या वीज केंद्रातून उडणाऱ्या राखेकडे पाहावे. सकाळी पत्र्यावर, दुपारी दोरीवरच्या ओल्या धोतरावर, रात्री ताटाच्या कडेला. एकाही प्रसंगातून ती गळत नाही.

‘शोले’तल्या आगगाडीवरही आक्षेप घेतात. गाडीवरच्या दरोड्याचे चित्रण पनवेलच्या बाजूला झाले, तर रामगड उभारले होते कर्नाटकात, रामनगरच्या खडकांत. यात बिघडले काय? एक कात्री चालली आणि कोकणातली गाडी म्हैसूरच्या वाटेला लागली. आपल्या अहिल्यानगर–बीड–परळी मार्गाला 1995 मध्ये मंजुरी मिळाली. लांबी 261 किलोमीटर. 2022 मध्ये गाडी आष्टीला आली, 17 सप्टेंबर 2025 रोजी बीडला पोचली. इतक्या काळात नायकाचे केस पांढरे झाले, तरी संकलकाला दोष देता येणार नाही, हा या पटकथेचा मोठा गुण. परळीच्या प्रेक्षकाने जागा सोडू नये.

‘अमर अकबर अँथनी’ (1977) मध्ये तीन मुलांचे रक्त नळीतून वर बाटलीत चढते आणि तिथून आईच्या अंगात उतरते. गुरुत्वाकर्षणाने आड येण्याचे सौजन्यपूर्वक टाळले. पहिल्या मजल्यावर पाणी चढवण्यासाठी मोटार लावून बसलेल्या गृहिणीला या दृश्यातून जो दिलासा मिळतो, तो शास्त्राच्या कोणत्या पुस्तकातून मिळेल?

राहता राहिला गब्बर. आपले तीन साथीदार समोर उभे करून तो पिस्तुलातल्या सहा गोळ्या मोजतो, तीन हवेत झाडतो आणि उरलेल्या तिन्हींचा हिशेब चोख पुरा करतो. अख्ख्या चित्रपटात आकडेमोड नीट करणारा तो एकटाच, आणि तोच डाकू. दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी ही व्यवस्था विचारपूर्वक केली असावी, असे आम्ही मानतो. जमाखर्च मांडणाऱ्याला आपल्या समाजात कोणत्या रांगेत बसवतात, हे त्यांना ठाऊक होते.

तेव्हा पुढच्या वेळी थिएटरात मागच्या खुर्चीवरून कुणी गोळ्या मोजू लागला, तर त्याच्या हातावर खारे शेंगदाणे ठेवून त्याला प्रेमाने गप्प करावे. आज तो गोळ्या मोजतो आहे. सवय लागली, तर उद्या टँकरच्या खेपा मोजायला बसेल.