सोवळ्यातले वाय-फाय

लॅपटॉपवर डेबियन लिनक्स चढवताना ‘वाय-फाय कार्ड ओळखले जात नाही’ अशी तक्रार करण्याची 2023 पर्यंत प्रथा होती. ही शुद्ध बदनामी होती. ‘एलएसपीसीआय’ ही कमांड देऊन पाहा: कंपनी, मॉडेल, क्रमांक, कार्डाची सगळी कुळकथा घडाघडा बाहेर येते. ओळख पक्की होती. फक्त घरात घेता येत नव्हते. ‘डीमेसेज’ ही कमांड कारणही सांगायची: फर्मवेअरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या कोडची, फाइल सापडली नाही. ती आणायची कुठून? नेटवरून. नेट लागणार कशाने? त्याच कार्डाने.

फाइल इन्स्टॉलरमध्येच का नव्हती? कारण तिचा सोर्स कोड कंपनी दाखवत नाही, आणि अधिकृत डेबियनमध्ये फक्त खुले सॉफ्टवेअर, हे तत्त्व. तत्त्व म्हणजे तत्त्व! मात्र तसलाच बंदिस्त कोड चिपमध्ये कायमचा भरून आला, तर सोवळे मोडत नसे. फाइल होऊन उघडपणे दारात आली की विटाळ. फर्मवेअरवाली प्रत डेबियनच्याच घरात मिळायची, पण ‘अनधिकृत’ अशी पाटी लावून, मागल्या दाराने.

2022 मध्ये डेबियनमध्ये यावर रीतसर मतदान झाले आणि 2023 च्या डेबियन 12 पासून ही फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आली. कर्मठांनी तरीही हाय खाऊ नये. त्यांच्यासाठी ‘लिनक्स-लिब्रे’ हे कर्नल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची सोवळी आवृत्ती, आहे. ते असली फर्मवेअर मागत नाहीच, वर त्रुटीच्या संदेशातून त्या फाइलचे नावही पुसून टाकते. म्हणजे वाय-फाय तर नाहीच, पण नेमके काय शोधायचे, हेही कळायची सोय नाही. स्वातंत्र्याचे रक्षण याहून कडेकोट होणे नाही.