रेषा दिसतात का?

असा एक मित्र तुम्हालाही असणारच. चहाला बोलावतो आणि चहा येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभं करतो. आमच्याच्या हॉलमध्ये प्लायवूडचं उंच कपाट आहे. त्यात सोनीचा जुना पीव्हीएम, म्हणजे स्टुडिओत नाहीतर हॉस्पिटलात वापरायचा मॉनिटर. खाली जॉयस्टिक आणि बटणं. "जवळ ये. अजून जवळ. रेषा दिसतात का?"

या रेषांनी आम्हाला पिडलंय. जुन्या आर्केड गेमचं चित्र दोनशे-सव्वादोनशे ओळींचं. नळीचा पडदा एक ओळ उजळतो, मधली काळी सोडतो. नव्या टीव्हीवर सगळं गुळगुळीत होऊन जातं, असं त्याचं मत. शिवाय या मॉनिटरला लाल, हिरवा, निळा असे सुटे सिग्नल देता येतात. हे ज्ञान त्याने लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा स्मशानात लाकडं येईपर्यंत वाटलेलं आहे.

मॉनिटर मिळाला एका हॉस्पिटलच्या भंगारात. एंडोस्कोपीच्या खोलीतला. ज्या पडद्यावर डॉक्टर लोकांची आतडी बघत, तिथे आता 1980 सालचा पॅकमॅन गोळ्या गिळत फिरतो. रस्ता फारसा बदललेला नाही. तीसेक किलोंचं ते धूड आम्ही दोघांनी जिन्याने चढवलं आणि माझी कंबर गेली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, तर हा मागून वाकून म्हणतो, "चित्र स्वच्छ आहे, पण रेषा नाहीत."

पॅकमॅनचं चित्र उभं, म्हणून मॉनिटर कुशीवर पाडावा लागतो. पाडला की पृथ्वीच्या चुंबकत्वाने कोपऱ्यात जांभळे डाग. मग डीगॉसचं बटण. धुम्म्! चित्र थरथरतं, डाग जातात आणि स्वयंपाकघरातून वहिनी विचारतात, "झालं समाधान?"

माझ्या मेव्हण्याने सुटका व्हावी म्हणून एकदा "दिसली, दिसली" म्हटलं. "ती नव्हे! ती तारेची सावली!" सोनीच्या ट्रिनिट्रॉन नळीच्या आतली उभ्या पट्ट्यांची जाळी थरथरू नये म्हणून तिच्यावर बारीक आडवी तार ताणलेली असते, यावर मग पाऊण तास. चहा गार.

एवढं करून हा खेळत नाही. शेजारचा पोरगा येऊन 'मुस्तफा' खेळतो (खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', 1993, पण ते घेतो कोण?) आणि हा मागे उभा. मी वैतागून म्हटलं, "मग हा खटाटोप कशाला?" तो काही बोलला नाही. नंतर वहिनींनी सांगितलं. शाळेत असताना पार्लरमध्ये रुपयाला एक डाव. याच्या खिशात रुपया क्वचितच. मालक हाकलेपर्यंत पोरांच्या खांद्यांवरून बघत राहायचा. खेळायचं राहून गेलं, बघायला मात्र शिकला.

परवा डाव हरल्यावर तो पोरगा मागे वळून आपणहून म्हणाला, "काका, आज रेषा मस्त दिसतायत." हा इतका खुलला की मला चहाचं विचारायचंच विसरला.

सोनीने ट्रिनिट्रॉन नळ्या बनवणं केव्हाच थांबवलंय. सुटे भाग काढायला याला आणखी एक मॉनिटर हवाय. तुमच्या ओळखीच्या स्टुडिओत, दवाखान्यात असा डबा धूळ खात पडला असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी मला कळवा. उचलायला मी येईन. वहिनींना मात्र इतक्यात काही बोलू नका.