रेन-मार्टिनचा इंग्लंड दौरा

आमचे सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. रेन आणि मार्टिनचं १९३५ सालचं व्याकरण त्यांना मुखोद्गत. त्यातला रेन ‘बो जेस्ट’ या गाजलेल्या कादंबरीचाही लेखक, हे ते विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्यालाही सांगतात. अशा माणसाबरोबर इंग्लंड बघणं म्हणजे हेडमास्तरांना घेऊन तमाशाला जाणं.

लंडनच्या बसमध्येच ठिणगी पडली. एक पोरगा मित्राला म्हणाला, “ही वॉज लेट, इनिट?”

सर गर्रकन वळले. “कर्ता ‘ही’, क्रियापद ‘वॉज’. शेपूट ‘वॉझन्ट ही’च हवं!”

मी म्हटलं, “सर, ‘तो आला ना’, ‘तुम्ही जेवलात ना’, ‘आपण जाऊ ना’. आपला ‘ना’ कुठे कर्ता बघतो?”

“तो घरचा आहे,” सर म्हणाले.

नॉटिंगहॅमला चहावाल्या बाईंनी “एय अप, मी डक!” म्हणून स्वागत केलं. तिकडे बाप्या-बाई, लहानथोर सगळेच डक. बदक म्हटल्याचं सरांना काहीच वाटलं नाही. “पण ‘माय डक’ म्हणायला काय झालं होतं?”

यॉर्कशरमध्ये मात्र कहर झाला. “आय वॉज सॅट हिअर,” असं लीड्सच्या घरमालकीणबाई म्हणाल्या, तेव्हा सरांनी काळजीनं विचारलं, “कोणी बसवलं?” मग बाईंनी कोपऱ्यावरचं दुकान ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ उघडं असतं असं सांगितलं. नऊ वाजलेले असताना पाच कसे वाजतील, यावर सर बराच वेळ गप्प होते. तिकडच्या बोलीत ‘व्हाइल’ म्हणजे ‘पर्यंत’! बाईंनी वर एक किस्साही ऐकवला. रेल्वे फाटकावर ‘दिवे लुकलुकत असताना थांबा’ अशा अर्थाची पाटी होती. यॉर्कशरच्या गड्यानं ती ‘लुकलुकेपर्यंत थांबा’ अशी वाचली. बिचारा मुकाट थांबला, आणि दिवे लुकलुकताच रुळांवर निघाला. खरंखोटं फाटकवाला जाणे. पण सरांचा चेहरा उतरला.

“त्याच्या व्याकरणानं त्याचं बरोबरच होतं हो,” ते पुटपुटले. “मी मात्र शून्य दिलं असतं.”

मला वाटलं, सर निवळले. पण लीड्स स्टेशनवर त्यांनी एका मिशाळ कर्मचाऱ्याला गाठलं. “वुड यू बी सो काइंड अ‍ॅज टु इन्फॉर्म मी…” इथून सुरू झालेलं वाक्य लंडनच्या गाडीच्या फलाटापाशी पोचलं, तेव्हा तो गृहस्थ कान पुढे करून प्रेमानं म्हणाला, “यू व्हॉट, लव्ह?”

सर माझ्याकडे वळले. “यात क्रियापद कुठंय?”