अध्यक्ष आहेत, झाड तेवढं आणायचंय

परंडा तालुक्यात ऱ्होडोडेंड्रॉनप्रेमींचं मंडळ नाही, ही गोष्ट आता फार दिवस झाकून ठेवण्यात अर्थ नाही. भजनी मंडळं आहेत, बचत गट आहेत, गणेश मंडळं तर गल्लीला दोन-दोन आहेत आणि त्यांची तोंडं एकमेकांकडं नाहीत. पण या झाडाच्या नावानं एक साधी कार्यकारिणी नाही, शिक्का नाही, लेटरहेड नाही. अमेरिकेत अशी संस्था १९४५ साली निघाली आणि तिच्या गावोगाव शाखा आहेत. म्हणजे आपण ऐंशी वर्षं मागं. दांडेकर समितीपासून केळकर समितीपर्यंत मराठवाड्याचा अनुशेष मोजायला किती विद्वान बसले, पण हा अनुशेष एकाच्याही अहवालात आलेला नाही. म्हणून हे सदर आज असं मंडळ निघावं या मागणीसाठी खर्ची घालत आहे.

आधी झाडाची ओळख. नावाला बिचकू नये. ज्या तालुक्यानं कृषी सेवा केंद्राच्या फळीसमोर उभं राहून ‘इमिडाक्लोप्रिड’ तोंडपाठ केलं, त्याला ऱ्होडोडेंड्रॉन जड नाही. हिमालयात हे झाड रानोमाळ आहे. नेपाळचं ते राष्ट्रीय फूल. उत्तराखंडाचा तो राज्यवृक्ष, तिकडं त्याला बुरांश म्हणतात आणि त्याच्या लाल फुलांचं सरबत करून पितात. नागालँडनं राज्यफूल म्हणून यातलीच एक जात निवडली आहे. आता गंमत बघा. हेच झाड पुन्हा भेटतं ते थेट दक्षिणेत, निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत. मधला सगळा महाराष्ट्र त्यानं गाळला. कळसूबाई १६४६ मीटर उंच, पण त्याला तीही पसंत पडली नाही. बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून बार्शीला गेली आणि परंडा बाजूला राहिलं, तसाच हा प्रकार. रेल्वेबद्दल निदान निवेदनं तरी दिली जातात. झाडाबद्दल आजवर एकानंही तहसीलदारांना निवेदन दिलेलं नाही.

तज्ज्ञ मंडळी म्हणतील, हे झाड आपल्याकडं जगणार नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि माझ्या मागणीचा पायाच तो आहे.

या झाडाला आंबट माती लागते, सामू साडेचार ते सहा. आपली काळी, चुनखडीची जमीन साडेसात-आठच्या खाली यायला तयार नाही. त्याला गारवा लागतो. आपल्याकडं एप्रिलपासून पारा चाळिशीपार. त्याची मुळं वरवरची आणि नाजूक, त्यांना ओलावा सतत हवा पण पाणी साचलेलं चालत नाही. आपली जमीन उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत पडलेली किल्ली वर्षानं नांगरटीत सापडावी, आणि पावसाळ्यात पायातली चप्पल ठेवून घेते. पाण्याचं तर बोलायलाच नको. बोअरच्या पाण्याची बादली रात्रभर ठेवली की सकाळी कडेनं पांढरी रेघ उमटते. ती खरवडायला जावं तर नख झिजतं, रेघ तशीच. हीटरच्या कॉइलवर हेच पाणी दोन महिन्यांत खडू चढवतं. हे पाणी ऱ्होडोडेंड्रॉनला घालणं म्हणजे त्याला रोज थोडा थोडा चुना पाजणं. पानं पिवळी पडणार, शिरा तेवढ्या हिरव्या राहणार. आमच्या ऊसवाल्यांना दाखवलं तर लांबूनच सांगतील, ‘केवडा पडलाय, हिराकस मारा.’ हिराकस मारली तर चार पानं हिरवी होतील, आणि मे महिना ती चारही घेऊन जाईल.

२०२५च्या सप्टेंबरात तर सीना नदीनंच मनावर घेतलं. तालुक्यात माणसं हेलिकॉप्टरनं बाहेर काढावी लागली आणि कित्येकांची माती पुरासोबत गेली. त्या शिवारांत सामूचा प्रश्न आपोआप मिटला आहे. माती आंबट की खारी हे विचारायला आधी माती असावी लागते.

तर झाड मरणार, हे पक्कं. सार्वजनिक कामाला याहून भरवशाचं झाड नाही. जे झाड जगतं त्याचा एकदाच कार्यक्रम होतो. रोप लावलं, फोटो निघाला, संपलं. पुढं ते आपलं आपण वाढतं आणि चारचौघांत कुणाचं नाव घेत नाही. जे दरवर्षी मरतं त्याचा दरवर्षी कार्यक्रम. खड्डा तोच, फलक तोच, तारखेवर तेवढी चिकटपट्टी. कन्हैयालाल मुनशींनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला तेव्हा त्यांच्या मनात असं काही नसावं, पण जुलै महिन्याला त्यांनी कायमचा धंदा लावून दिला. आपल्या राज्यानं त्याला आकडे दिले. २०१६ला दोन कोटी, २०१७ला चार, २०१८ला तेरा, २०१९ला तेहेतीस कोटी वृक्षांचा संकल्प. तेहेतीस हा आकडा कुठून आला हे विचारायचं कारण नाही. आपल्याकडं कोटीनं मोजायच्या गोष्टीत तोच सगळ्यात जुना. पुढं सरकार बदललं आणि २०२१मध्ये या लागवडीच्या चौकशीसाठी आमदारांची समिती जाहीर झाली. बघा, झाडापासून किती जणांना सावली मिळते. लावणारे एक, मोजणारे दुसरे, चौकशीवाले तिसरे.

असा एक जुलैचा कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा. आदल्या दिवशी मजुरानं दीड फुटाचा खड्डा घेतलेला. कडेला चुन्याची रांगोळी, म्हणजे सामू आणखी थोडा वर. रोप एक, हात चौदा. पुढच्यांना खोड मिळतं, मधल्यांना पान, आणि मागून वाकलेल्या एका होतकरूला मिळतो पुढच्याचा मनगटी गंडा, तो तेवढाच धरतो. झारीतलं पाणी निम्मं रोपावर, निम्मं पांढऱ्या पँटवर. टाळ्या. गाड्या निघाल्या की शाळेतलं एखादं पोर जवळ जाऊन बघतं आणि ओरडतं, ‘सर, पिशवी फाडायची राहिली!’ रोप काळ्या पिशवीसकट मातीत गेलेलं असतं. सर म्हणतात, राहू दे. पुढच्या वर्षी सोपं जातं.

या बाबतीत परदेशातली मंडळं मात्र फारच भाबडी. त्यांचा उपक्रम काय, तर वसंतात फुलांचं प्रदर्शन. फांदीच्या टोकाला येणारा एकच झुबका कापायचा, बाटलीत खोचायचा, टेबलावर ओळीनं मांडायचा, मग परीक्षक येऊन पाकळ्या निरखतात. महिन्याला एक व्याख्यान, त्यात कलमं आणि मुळांवरची बुरशी यांवर चर्चा. सभासद एकमेकांना बी पाठवतात, ते इतकं बारीक की शिंक आली तर वर्षभराचा उपक्रम उडून जावा. सभासद स्वतःच्या हातानं माती कालवतात! अध्यक्षसुद्धा! त्यांच्या या चुका आपल्याला टाळता येतील.

प्रदर्शन आपण जरूर भरवू. बाटल्यांचा प्रश्न नाही. संध्याकाळनंतर गावाबाहेरच्या कुठल्याही रस्त्यानं एक चक्कर मारली तरी जिल्हास्तरीय प्रदर्शन भरेल. झुबके तेवढे प्लास्टिकचे लागतील, ते आठवडी बाजारात मिळतात. त्यांना केवडा पडत नाही, आणि उद्घाटनाला पाहुणे चार तास उशिरा आले तरी ते कोमेजत नाहीत.

व्याख्यानाला वक्ता पुण्याचा आणावा. विषय कोणताही चालेल, श्रोते सत्काराला आलेले असतात.

नव्या वाणांना नावं देणं हा मात्र जपून हाताळायचा विषय. नवा संकर कुणी तयार केला की त्याच्या नावाची जागतिक नोंद लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडं होते, आणि अशी हजारो नावं तिथं आहेत. तिकडं लोक बायकोचं, आजीचं, फार तर राणीचं नाव देतात. आपल्याकडं पहिल्याच वाणाला साहेबांचं नाव द्यावं लागेल, दुसऱ्याला दादांचं, मग भाऊंच्या माणसांचा फोन येईल की आमचा रंग तिसऱ्या नंबरला का. भाऊंच्या नावाचा वाण आधी वाळला तर त्याची जबाबदारी कोण घेणार, हेही ठरवून ठेवावं.

सगळ्यात महत्त्वाचा उपक्रम म्हणजे अभ्यासदौरा. याचा आदर्श जोसेफ हूकर. हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ सिक्कीमची ऱ्होडोडेंड्रॉनं गोळा करायला गेला. १८४९च्या नोव्हेंबरात सिक्कीमच्या दिवाणाच्या माणसांनी त्याला आणि दार्जिलिंगचा अधिकारी कॅम्पबेल याला अडकवून ठेवलं, ते नाताळच्या तोंडावर सोडलं. या अपमानाची भरपाई म्हणून कंपनी सरकारनं पुढच्या वर्षी सिक्कीमची तराई ताब्यात घेतली. फुलं बघायला गेले आणि मुलूख घेऊन आले! आमचे अभ्यासदौरे कितीही खर्चिक असले तरी इतकी वसुली अजून जमलेली नाही. आपलेही पदाधिकारी सिक्कीमला जातील, सहकुटुंब. पश्चिम सिक्कीममध्ये बारसे नावाचं अभयारण्यच या झाडासाठी राखलेलं आहे. बहर मार्च-एप्रिलात येतो. निधी संपवायचा महिना आणि फुलं उमलायचा महिना एकच निघावा, याला मी योगायोग म्हणायला तयार नाही.

हौशी झाडाचं पुढं काय होतं ते विलायतेत बघायला मिळतं. याच कुळातली एक जात तिथल्या जमीनदारांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शोभेला आणि शिकारीच्या आडोशाला लावली. ती तिथं इतकी रुजली की खाली दुसरं काही उगवू देईना. आता स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी जाऊन ती उपटतात. म्हणजे त्यांच्याकडं लावायचं एक मंडळ आणि उपटायचं दुसरं. आपल्याकडं वेडी बाभूळ आणि गाजर गवत बाहेरूनच आलं, अंगभर पसरलं, आणि दोहोंपैकी एकाही कामाला मंडळ नाही. ‘घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं’ असं कुणी म्हणेल. मी म्हणतो, घोड्यावर बसून फोटो तरी काढा.

इथं एखादा खवट वाचक विचारेल की मग तरवडाचं मंडळ का काढत नाही? बरोबर आहे. तरवड माळावर फुकट पिवळा होतो. पळस पाणी न मागता पेटतो. बहावा भर उन्हाळ्यात, टँकरच्या मागं लोक धावत असताना, झुंबरं लावून उभा असतो. हिवर तर शेळ्यांनी ओरबाडला तरी परत फुटतो. कडुनिंबाला उभ्या आयुष्यात कुणी झारी दाखवलेली नाही. पण ज्या झाडाला माणसाची गरज नाही, त्याला अध्यक्षाची काय गरज? बाभळीच्या मंडळाचा सचिव म्हणून कार्ड छापलं तर लग्नात पंगतीला बसवताना कोण ओळख करून देईल? ऱ्होडोडेंड्रॉन म्हटलं की समोरचा दोनदा विचारतो, ‘काय म्हणालाव?’ आणि दोनदा विचारलं की प्रतिष्ठा वाढते.

एका संभाव्य पदाधिकाऱ्याकडं मी विषय काढून बघितला. कार्यकारिणी, उद्घाटन, जेवण, सगळं त्याला एका दमात पटलं. शेवटी मी भीत भीत म्हटलं, ‘एक झाड तरी आणावं लागेल की.’ तो म्हणाला, ‘झाडाचं काय घेऊन बसलाव? आधी बॅनर टाकू.’ मग थोडा विचार करून म्हणाला, पुण्याला जाताना सोलापूर रस्त्यावर उरुळीच्या पुढं-मागं नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, तिथं विचारतो. त्याला तिथं अझेलियाची कुंडी मिळाली तरी हरकत नाही. शास्त्राच्या हिशेबानं अझेलियाही याच कुळातली. मंडळाला निदान तांत्रिक मान्यता मिळेल.

गावाला अशा कारभाराचा सराव नाही असंही नाही. १६०० साली अहमदनगर पडलं तेव्हा निजामशाहीनं परंड्याला राजधानी केलं. राज्य हातातून गेलेलं, राजधानी मात्र चालू. ज्या किल्ल्यानं हे निभावलं त्याच्या गावाला झाडावाचून मंडळ चालवणं अवघड जाऊ नये. किल्ल्यावरची मलिक-ए-मैदान तोफ १६३२ साली विजापूरकरांनी नेली, ती आजही तिकडंच पर्यटकांना दाखवली जाते. तेव्हा अध्यक्षपदाची खुर्ची तरी साखळीनं बांधून ठेवावी अशी सूचना आहे.

कारण भांडण तिथंच होणार. पहिली वार्षिक सभा होईल, हिशेब वाचला जाईल, सिक्कीमच्या विमानाच्या तिकिटांवर आवाज चढेल आणि मंडळ फुटेल. दोन गट, दोन अध्यक्ष, कुंडी एक. मूळ मंडळ आमचंच, असं दोघंही म्हणणार. घटना कुणाकडं, शिक्का कुणाकडं, पदाधिकारी जास्त कुणाकडं, याची प्रतिज्ञापत्रं निघतील, प्रकरण वरपर्यंत जाईल, आणि निकाल लागेपर्यंत फुलाचं चिन्ह गोठवलं जाईल. परंड्याच्या हवेत त्या झाडाला हवी तेवढी थंडी मिळण्याचा मला तरी हा एकच मार्ग दिसतो.