घरपट्टी माफ, टँकर चालू

२०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत शिवसेनेने ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करमाफीचं वचन दिलं. पूर्ण माफीची घोषणा झाली १ जानेवारी २०२२ ला. पुढची निवडणूक तेव्हा तोंडावर होती. मुहूर्त म्हणतात तो हाच! सापगावात भातसा नदीच्या काठी बसून हे ऐकायला मौज वाटते. त्या घरांच्या नळांना बरंचसं पाणी जातं ते आमच्या शहापूर तालुक्यातल्या भातसा-तानसा धरणांतून, आणि इथले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. उद्या गावच्या निवडणुकीत आमचेही उमेदवार शपथ घेतील, 'घरपट्टी कधीच वाढवणार नाही!' घ्या बापड्यांनो, खुशाल घ्या. फक्त घरपट्टी न वाढवता टँकरचं भाडं कुणाच्या खिशातून, तेवढं त्याच शपथेत सांगा.