टीव्ही-खरेदीची वऱ्हाडी संहिता

वऱ्हाडात टीव्ही एकटा माणूस घेत नाही. त्यासाठी शिष्टमंडळ जाते. पैसे देणारा कर्ता, भाव पाडणारे मोठे काका, मोबाइलवर ऑनलाइन किंमत दाखवणारा जावई, पुण्याहून व्हिडिओ कॉलवर हजर असलेला आयटीतला पुतण्या आणि शेवटचा कौल देणारी आजी, एवढी गणसंख्या असल्याशिवाय खरेदी कायदेशीर धरली जात नाही. शेजाऱ्याने मागच्या दिवाळीत किती इंची आणला, ही माहिती विषयपत्रिकेवर नसते. पण सगळ्यांना पाठ असते.

हे शिष्टमंडळ अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बाजारातल्या थंडगार शोरूममध्ये शिरते. दुकानदार म्हणतो, “या काकाजी, बसा. किती इंची दाखवू?” इथेच मंडळात फूट पडते. “मोठाच घ्या नं बाप्पा, रोज रोज थोडी घ्याचा हाये,” असे काका म्हणतात. “मले तं मानसाचे चेहरे दिसले का झालं,” असे आजी म्हणते. पुतण्या फोनमधून काहीतरी ‘निट्स’ म्हणतो आणि आवाज तुटतो. पुढील कलमे अशा प्रसंगासाठी आहेत.

कलम १ : मुहूर्त व चलन

टीव्हीची किंमत रुपयांत समजून घेऊ नये. ती क्विंटलमध्ये काढावी. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. त्या हिशेबाने ३५,४०० रुपयांचा टीव्ही म्हणजे साडेचार क्विंटलच्या थोडा आत. हा हिशेब हमीभाव खरोखर हाती पडला तर. व्यापाऱ्याने खेड्यावर येऊन काटा लावला असेल, तर टीव्ही महाग होतो आणि त्यात शोरूमवाल्याचा काही दोष नसतो.

मुहूर्ताच्या बाबतीत एकदा केंद्र सरकारनेच पंचांग पाहिल्यासारखे केले. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्यावर २८ टक्के जीएसटी, अशी विभागणी २०१९ पासून चालू होती. २२ सप्टेंबर २०२५ रोजी मोठ्या टीव्हीचा करही १८ टक्क्यांवर आला. त्या दिवशी घटस्थापना होती. अमरावतीत अंबादेवीच्या दर्शनाला रांगा लागतात, त्याच दिवशी ४३ इंचीचा भाव उतरला. तीस हजार मूळ किमतीच्या टीव्हीवर हा फरक तीन हजारांचा, म्हणजे हमीभावाने ३७ किलो कापसाचा पडतो. तेव्हा ‘कर वाचावा म्हणून ३२ इंचीच घेतला’ ही सबब आता कोणत्याही कर्त्याने सांगू नये. शेजारी बातम्या पाहतात.

‘नागपूरले स्वस्त भेटते’ हे विधान प्रत्येक शिष्टमंडळात एकदा तरी होते. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. वाचलेल्या पैशांतून गाडीचे डिझेल आणि वाटेतला नाश्ता वजा करावा, मग बोलावे. पडदा बिघडला तर मेकॅनिक कोणत्या गावाहून येणार, हेही त्याच बैठकीत विचारावे.

कलम २ : भिंत

दुकानात जाण्यापूर्वी घरात टेप लावावी. बैठकीतली सर्वांत चांगली भिंत बहुधा शेगावच्या गजानन महाराजांच्या तसबिरीकडे असते. ती हलत नाही. उरलेल्या भिंतींपैकी एकीला खिडकी असते, एकीला आतले दार आणि एकीला लग्नात आलेले शोकेस. टीव्हीच्या वाट्याला उरते ते या तिघांमधले अंतर. इंच नेहमी कर्णावर, म्हणजे तिरपे मोजतात. त्यामुळे ४३ इंचीची रुंदी साधारण ९५ सेंटीमीटर भरते, ५५ इंचीची १२२ आणि ६५ इंचीची १४४. खिडकी आणि शोकेस यांच्यात १३० सेंटीमीटर जागा असेल, तर ६५ इंचीवरची चर्चा तिथेच तहकूब करावी. खिडकीच्या समोरची भिंत मात्र टाळावी. दिवसभर मालिकेऐवजी अंगणातली तुळस आणि वाळत घातलेली लुगडी दिसत राहतात.

आता दिवाणापासून भिंतीपर्यंतचे अंतर. सिनेमाच्या तंत्रज्ञांचा एक जुना ठोकताळा आहे: पडद्याच्या कर्णाच्या सुमारे १.६ पट अंतरावर बसावे. ४३ इंचीसाठी ते पावणेसहा फूट येते, ५५ साठी सव्वासात आणि ६५ साठी पावणेनऊ. बैठकीत दिवाण नऊ फुटांवर असेल, तर शास्त्र ६५ इंचीच्या बाजूने उभे राहते. हा मुद्दा काकांच्या कानावर जाणार नाही याची कर्त्याने काळजी घ्यावी.

याच अंतरात ‘फोर-के’चे रहस्य आहे. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात; फोर-केवर त्याच्या चौपट. पण निरोगी डोळ्यालाही ५५ इंची फुल एचडी पडद्यावरचे ठिपके सात फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत. नऊ फुटांवरच्या दिवाणावरून जास्तीचे ठिपके मोजायला आजीचा चष्मा बदलून उपयोग नाही. बाजारात मोठे टीव्ही आता बहुतेक फोर-केच मिळतात, म्हणून ते घ्यावेत. मात्र ‘एट-के’चा विषय निघाला, की पाणी मागून विषय बदलावा.

कोनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जाहिरातीतले कुटुंब सोफ्यावर पडद्याच्या बरोबर समोर चौघांत आटोपते. वऱ्हाडातल्या बैठकीत आजोबा भिंतीलगतच्या पलंगावर असतात, पोरे सतरंजीवर पालथी पडलेली आणि आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात उलथणे घेऊन उभी. १९८७ च्या जानेवारीत दर रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा गल्लीतल्या एका घरात २० इंची संचापुढे जितकी माणसे मावतील तितकी बसत. त्या जुन्या काचेच्या नळीचा एक गुण होता: बाजूने पाहिले तरी रामाचा रंग बदलत नसे. आजच्या पडद्यांत दोन जाती आहेत. ‘व्हीए’ जातीत काळा रंग गडद दिसतो, पण बाजूने पाहिले की चित्र धुरकटते. ‘आयपीएस’ जातीत काळा करडा पडतो, पण कोपऱ्यातून चित्र टिकते. शिष्टमंडळातल्या एका सदस्याने म्हणूनच दुकानात स्वयंपाकघराच्या दाराचा कोन साधून उभे राहावे, आणि एकाने फरशीवर उकिडवे बसून पाहावे. दुकानदार चमकेल. दोन मिनिटांत त्याची सवय होते.

कलम ३ : ऊन, कूलर आणि खारे पाणी

हे कलम पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शिकांत सापडत नाही.

टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत एक ओळ असते: संच साधारण शून्य ते चाळीस अंश तापमानात चालवावा. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. काटेकोर अर्थ लावला, तर अकोल्यात उन्हाळ्यातल्या दुपारी टीव्ही लावणे हा अटींचा भंग ठरतो. पत्र्याच्या छताखालच्या किंवा पश्चिमेला तापणाऱ्या भिंतीवर टीव्ही लावू नये आणि मागे हवा खेळायला काही इंच जागा सोडावी, एवढे तरी पाळावे.

चाळिसाच्या आत यायचे तर कूलर लागतो. इथे दुसरा पेच सुरू होतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या विहिरी-बोअरचे पाणी इतके खारट, की गावोगाव पिण्याच्या पाण्याचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तेच पाणी कूलरमध्ये पडते. जाळ्यांवर पांढरा थर धरतो, तो सगळ्यांना दिसतो. दमट, खारट हवेच्या झोतात ठेवलेल्या टीव्हीच्या पाठीमागच्या जोडण्या कशा गंजतात, ते मात्र मेकॅनिकने झाकण उघडल्यावरच दिसते. म्हणून कूलरची खिडकी आणि टीव्हीची भिंत काटकोनात असावी, आमनेसामने कधीच नको. झोत आजोबांच्या अंगावर पडेल अशी व्यवस्था केल्यास दोघेही टिकतात.

आता आवाज. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खालच्या काठाला, तोंड जमिनीकडे करून बसवलेले असतात. स्वयंपाकघरापर्यंत पोचायची त्यांची ताकद बेताची. शोरूममध्ये एसी असतो, म्हणून तिथे ते पुरेसे वाटतात. घरी कूलरचा पंखा घरघरतो, आणि ‘चला हवा येऊ द्या’च्या जुन्या भागात भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी ठसक्यात मारलेला टोमणा त्या घरघरीत विरतो. हसणारे हसून मोकळे होतात आणि बाकीचे ‘काय म्हने? काय म्हने?’ करत राहतात. साउंडबार नंतर घ्यायचा असला तरी त्याच्यासाठी ‘एआरसी’ लिहिलेले एचडीएमआय छिद्र आहे का, हे आजच पाहावे.

कलम ४ : वीज

अकोला जिल्ह्यात पारस येथे पाचशे मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे, आणि अमरावतीजवळ नांदगाव पेठेला १,३५० मेगावॅटचे. तरीही क्रिकेटच्या शेवटच्या षटकात दिवे जाण्याचा अनुभव इथल्या कोणत्याही घराला नवा नाही. दुकानदार टीव्हीसोबत स्टॅबिलायझर गळ्यात मारू पाहतो. टीव्हीच्या मागची चिठ्ठी वाचावी. तिथे बहुधा १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते, म्हणजे कमी दाब तो स्वतःच सोसतो. त्याला खरी भीती दाब एकदम उसळण्याची आणि जूनच्या पहिल्या वळिवातल्या विजेची. आभाळ गडगडले की प्लग काढावा. छतावरच्या छत्रीची तारही काढावी, कारण वीज बरेचदा तिकडून येते आणि वॉरंटीत तिचे नाव नसते. ४३ इंची संच शंभर वॉटच्या आसपास खातो, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर सामना संपेपर्यंत चालतो. मात्र कूलर त्याच इन्व्हर्टरवर असेल, तर कोणाला बंद करायचे यावर मतदान घ्यावे.

कलम ५ : दुकानातली परिभाषा

‘एलईडी टीव्ही’ म्हणजे एलसीडी पडद्याच्या मागे एलईडी दिवे. ‘क्यूएलईडी’ म्हणजे तेच दिवे, मध्ये रंग खुलवणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा थर. ‘ओएलईडी’त प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि विझतो, म्हणून काळा खरोखर काळा दिसतो; किंमतही तशीच. पण ज्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत बातम्यांची वाहिनी चालू असते, तिथे खालची लाल पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो काही वर्षांत ओएलईडी पडद्यावर डागासारखे कायम उमटू शकतात. निवडणुकीत रस असलेल्या आजोबांच्या घरी हे विशेष ध्यानात घ्यावे.

दुकानात पडद्यावर नेहमी मासे पोहत असतात, फुले उमलत असतात, परदेशातली शहरे झगमगत असतात. ही चित्रफीत खास टीव्ही विकण्यासाठी केलेली असते आणि संच ‘व्हिव्हिड’ नावाच्या भडक अवस्थेत ठेवलेला असतो. शिष्टमंडळाने नम्रपणे विचारावे, “भाऊ, यावर सेट-टॉप बॉक्स लावून मराठी मालिका दाखवता का?” साध्या वाहिनीच्या चित्रात जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० ठिपके येतात. फोर-के पडद्यावर ८२ लाख ९४ हजार ४०० जागा असतात, बरोबर वीसपट. म्हणजे मालिकेतल्या सासूच्या चेहऱ्यावरचे वीसपैकी एकोणीस ठिपके टीव्ही स्वतःच्या अंदाजाने भरतो. हा अंदाज कोणत्या कंपनीला बरा जमतो, तेच दुकानात पाहायचे असते. मासे सगळ्यांनाच जमतात.

हलत्या चित्राच्या परीक्षेसाठी क्रिकेट लावावे. २७ मे २०२५ रोजी लखनौविरुद्ध बंगळुरूच्या वतीने अमरावतीच्या जितेश शर्माने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढल्या. तो डाव मोबाइलवरून पडद्यावर पाठवता आला तर उत्तम. चेंडू सीमारेषेकडे जाताना मागे शेपूट सोडतो का, एवढे पाहावे. मोबाइलमधले चित्र अडखळते का, हेही त्यातच कळते. टीव्हीची रॅम अपुरी असेल तर ती तिथेच उघडी पडते. ‘मोशन रेट ४००’ असली संख्या खोक्यावर दिसली, तर पडदा मुळात ६० हर्ट्झचा की १२० चा, असा साधा प्रश्न विचारावा. सामन्यांना साठ पुरतात. एकशेवीसची गरज घरात व्हिडिओ गेम खेळणाऱ्याला असते, आणि तो शिष्टमंडळात मुद्दाम गप्प बसलेला असतो.

कलम ६ : आणणे, टांगणे, चालू करणे

खोका मोटारसायकलवर, मागे बसलेल्या भाच्याच्या मांडीवर आडवा धरून आणू नये. पडदा नेहमी उभा न्यावा. आडवा ठेवला की तो स्वतःच्याच वजनाने आणि रस्त्यातल्या खड्ड्यांनी तडकतो. छोटा हत्ती सांगावा. खोका उघडताना व्हिडिओ काढावा आणि बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा.

टांगायला आलेला मुलगा टीव्ही खिडकीच्या वरच्या काठाला लावू पाहतो, कारण तिथे ड्रिल करायला सोपे जाते. त्याला थांबवावे. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत यावा. दिवाणासाठी ही उंची जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटीमीटर येते, सतरंजीवाल्यांसाठी आणखी खाली. भिंत जुन्या वाड्याची, मातीची असेल, तर खिळ्याचा नाद सोडून टेबल घ्यावे.

जुन्या संचाचीही व्यवस्था लावावी. छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होते, त्या काळात जवळच्या चितेगावच्या कारखान्यातून निघालेले व्हिडिओकॉनचे कित्येक संच अजून वऱ्हाडातल्या माळ्यांवर आहेत. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, संच गेले नाहीत. त्यांच्या काचेत शिसे असते, म्हणून ते फोडून नाल्यात टाकू नयेत. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावेत. त्यासाठी आधी आजोबांची परवानगी घ्यावी, कारण त्याच पडद्यावर त्यांनी पहिल्यांदा हनुमान उडताना पाहिला होता.

सगळे जुळल्यावर पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’वर न्यावा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. चित्र एकदम शांत, नैसर्गिक दिसू लागते. पुतण्या फोनवरून ‘हेच बरोबर’ म्हणतो. मग आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणते, “हे काय, रंग फिक्के पडले! दुकानात तं असा नवता.” या टप्प्यावर मोड पुन्हा ‘व्हिव्हिड’ करून द्यावा, संहितेत या निर्णयाविरुद्ध अपिलाची तरतूद नाही. पुतण्याचा कॉल त्याआधी बंद झाला आहे ना, एवढे मात्र बघून घ्यावे.